ड्रॉइंगवर नुसतं ‘झिंक प्लेटिंग’ लिहिलं तर काय होतं?

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये टेबलावरचं ड्रॉइंग उचलून बघा. मापं मायक्रॉनपर्यंत दिलेली असतात, टॉलरन्स असतो, रफनेस असतो. आणि खाली कोपऱ्यात एक ओळ असते: ‘फिनिश – झिंक प्लेटिंग’. पार्ट प्लेटरकडे जातो आणि चकचकीत होऊन येतो. पुढे कधी ग्राहकाच्या लाइनवर नट चढत नाही, कधी पावसाळ्यात बंद खोक्यातच माल पांढरा पडतो, कधी संध्याकाळी आवळलेला बोल्ट सकाळी तुटलेला सापडतो. तिन्ही तक्रारींचं खापर प्लेटरवर फुटतं. बऱ्याचदा दोष त्या अर्धवट ओळीचा असतो, कारण जाडी किती, ती कुठे मोजायची, वर पॅसिव्हेशन (जस्त पांढरं पडू नये म्हणून दिलेला पातळ थर) कोणतं, खालचं पोलाद किती कडक आणि चाचणी कोणती, यातलं काहीच तिच्यात नसतं. मग प्लेटर आपल्या रोजच्या सवयीप्रमाणे करून देतो.

आधी जस्ताचं काम समजून घेऊ. रंग, निकेल, क्रोम हे थर लोखंड झाकतात. झाकण शाबूत आहे तोवर ठीक. निकेलच्या थराला सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तर त्या जागी लोखंड उलट जास्त वेगाने गंजतं, कारण निकेल-लोखंडाच्या जोडीत झिजण्याची पाळी लोखंडावर येते. जस्ताचं याच्या उलट आहे. जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ओलावा आला की ते आधी झिजतं आणि बारीक ओरखड्यातून उघडं पडलेलं लोखंड वाचतं. पण ते झिजूनच वाचवत असल्यामुळे जितका थर तितकं आयुष्य. कोरड्या घरातल्या वापराला साधारण ५ मायक्रॉन, नेहमीच्या कामाला ८, उघड्यावर १२, आणि फारच कठीण परिस्थितीला २५ असे टप्पे प्रचलित आहेत. शेड, खांब, जाळ्या यांच्यासाठी वितळलेल्या जस्तात बुडवून केलेलं गॅल्व्हनायझिंग वेगळं. ते साधारण ४५० अंशांवर होतं, थर ४५ ते ८५ मायक्रॉन बसतो, आणि मशीन केलेल्या बारीक मापाच्या पार्टसाठी ते निरुपयोगी आहे.

आटे, फिट आणि चौपटीचा हिशोब

शाफ्टवर ८ मायक्रॉन चढवले की व्यास १६ मायक्रॉनने वाढतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही २५ मिलिमीटरच्या शाफ्टला ‘एच ६’ देऊन, म्हणजे एकूण १३ मायक्रॉनची मुभा ठेवून, खाली प्लेटिंग मागणारी ड्रॉइंग्ज येतच असतात. दिलेलं माप प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं, हे लिहिलेलं नसेल तर भांडण ठरलेलं. नुसते ‘प्लेटिंगनंतर’ हे शब्द घातले तरी निम्मा वाद संपतो. बेअरिंगची बैठक असेल तर तिथे प्लेटिंग नकोच, ती जागा मास्क करायची असं लिहावं आणि मास्किंगचे पैसे मोजायची तयारी ठेवावी. रबरी टोप्या, टेप किंवा लाखेसारखा लेप लावणं हे हाताचं काम आहे, त्यामुळे ते महाग पडतं.

आट्यांमध्ये हिशोब दुप्पट नाही, चौपट असतो. ६० अंशांच्या आट्याच्या तिरक्या बाजूंवर थर बसतो, म्हणून पिच व्यास, म्हणजे आट्याच्या मधल्या उंचीवर मोजलेला व्यास, थराच्या जाडीच्या चौपटीने वाढतो. एम ६ चा एक मिलिमीटर पिचचा बोल्ट घ्या. ‘६ जी’ या टॉलरन्सच्या श्रेणीत त्याला मूळ मापापासून २६ मायक्रॉनची जागा मिळते. भागिले चार केलं की उरतात साडेसहा मायक्रॉन. म्हणजे आटा वरच्या मर्यादेवर कापला असेल तर ८ मायक्रॉन मागताच गो गेज, म्हणजे आटा सहज चढतो की नाही हे तपासायचं साधन, अडकणार. एम १० च्या दीड पिचला ३२ मायक्रॉन मिळतात, तिथे ८ मायक्रॉन जेमतेम बसतात. एम ६ ला १२ हवेच असतील तर आटा आधीच ‘६ ई’ मध्ये काढावा लागतो. तिथे ६० मायक्रॉनची जागा असते आणि १५ पर्यंत थर चालतो. हा निर्णय थ्रेड रोलिंगच्या डायच्या वेळी घ्यायचा असतो. माल प्लेटरकडे गेल्यावर त्याला ‘थोडं कमी चढव’ असं सांगण्यात अर्थ नाही, कारण त्याने कमी चढवलं की तोच लॉट गंजाच्या चाचणीत नापास होतो.

शिवाय वीज सगळीकडे सारखी पोचत नाही. कडा, टोकं, बाहेरचे कोपरे इथे करंट गोळा होतो. खाचा, आतले कोपरे आणि भोकांच्या तळाशी तो कमी पोचतो. बोल्टच्या टोकाला १२ मायक्रॉन आणि मध्यावर ६, असं एकाच तुकड्यावर सहज मिळतं. म्हणून ‘८ मायक्रॉन’ या आकड्याला ‘कुठे’ याची जोड हवी. पार्टच्या चित्रावर महत्त्वाचा भाग ठळक रेषेने दाखवावा आणि मोजण्याचा बिंदू ठरवून द्यावा. मोजायला एक्स-रे फ्लुरोसन्सचं यंत्र उत्तम. चुंबकीय गेज सपाट पट्टीवर चांगला चालतो, पण लहान गोलाईवर चुकीचा आकडा देतो. एम ५ च्या बोल्टवर चुंबकीय गेज टेकवून काढलेल्या रिपोर्टला फार किंमत देऊ नये.

डिझाइन करताना विसरली जाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पाणी निघून जायला वाट. बंद भोक, पाइपची चेपलेली टोकं, स्पॉट वेल्ड केलेल्या दोन पत्र्यांमधली फट, इथे ॲसिड आणि बाथचं, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीतलं, द्रावण अडकतं. माल सुकून पॅक होतो आणि आठ दिवसांनी त्या फटीतून डाग ओघळतात. कितीही धुतलं तरी हे थांबत नाही. पाइपला दोन्ही टोकांजवळ भोक ठेवणं, आणि शक्य तिथे आधी सुटे भाग प्लेट करून नंतर जोडणं, हेच उपाय.

टाकीत नेमकं काय चालतं

प्लेटिंगच्या ओळीत जस्ताची टाकी मध्यभागी असते, पण लॉट बिघडतो तो बहुधा तिच्या आधीच. पार्टवर कटिंग ऑइल असतं, हीट ट्रीटमेंटची काजळी आणि खपली असते, ऑक्सिजन लावून लेझरने कापलेला पत्रा असेल तर कडेला ऑक्साइडचा निळसर-काळा पापुद्रा असतो. तो पापुद्रा साध्या पिकलिंगने, म्हणजे ॲसिडात बुडवून केलेल्या सफाईने, पूर्ण जात नाही, त्यावर चढलेलं जस्त वाकवताच सोलून येतं. अशा कडा घासून किंवा शॉट ब्लास्ट करूनच पाठवाव्यात.

क्रम साधारण असा. अल्कलीच्या गरम द्रावणात, ६० ते ८० अंशांवर, पाच ते दहा मिनिटं तेल काढायचं. मग वीज लावून, जॉब अॅनोड (विजेचं धन टोक) करून दुसरी सफाई. धुणं. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये पिकलिंग, त्यात लोखंड जास्त खाल्लं जाऊ नये म्हणून इन्हिबिटर. पुन्हा धुणं. मग झिंक बाथ. नंतर धुऊन पाव ते अर्धा टक्का नायट्रिक ॲसिडमध्ये काही सेकंदांची बुडी, पॅसिव्हेशन, धुणं आणि ६० ते ८० अंशांच्या हवेत सुकवणं. सफाई नीट झाली की नाही हे पाहायला कसलंही यंत्र लागत नाही. धुतलेला जॉब पाण्यातून उचलून धरा. पाण्याचा पडदा अर्धा मिनिट अखंड राहिला तर ठीक. पाणी थेंबाथेंबांनी फाटलं तर तिथे अजून तेल आहे, आणि तिथेच नंतर फोड येणार.

बाथ दोन प्रकारचे जास्त चालतात. ॲसिड क्लोराइड बाथमध्ये पोटॅशियम क्लोराइड लिटरला साधारण २०० ग्रॅम, जस्त २५ ते ४० ग्रॅम, बोरिक ॲसिड ३० ग्रॅमच्या आसपास आणि पीएच ५ च्या जवळपास ठेवतात. तो लवकर चढतो, आरशासारखी चमक देतो, पण कडा-खाचांमधला फरकही जास्त पाडतो. सायनाइड नसलेल्या अल्कली बाथमध्ये कॉस्टिक १०० ते १५० ग्रॅम आणि जस्त फक्त ८ ते १५ ग्रॅम असतं. तो हळू चालतो, पण थर एकसारखा देतो. आत-बाहेर वळणं असलेल्या ब्रॅकेटला अल्कली बरा. ओतीव लोखंडाला मात्र अल्कलीत जस्त धरतच नाही, कारण त्यातल्या ग्रॅफाइटवर जस्त बसण्याऐवजी हायड्रोजन वायूच सुटत राहतो. कास्टिंगला ॲसिड बाथच हवा. ‘कास्टिंगवर झिंक काळं येतंय’ ही तक्रार आली की पहिला प्रश्न बाथचा विचारावा.

वेळेचा हिशोब फॅरेडेच्या नियमाने निघतो. एक अँपिअर-तासाला १.२२ ग्रॅम जस्त बसतं. चौरस डेसिमीटरला एक अँपिअर दिला आणि सगळी वीज कामी आली, तर तासाला १७ मायक्रॉन होतात. ॲसिड बाथ साधारण ९५ टक्के कार्यक्षम असतो, म्हणून दोन अँपिअरला ८ मायक्रॉन चढायला १५ मिनिटं. अल्कलीत हाच आकडा ६० ते ८० टक्क्यांपर्यंत उतरतो, वेळ तेवढा वाढतो. प्लेटरचा भाव इतका कमी कसा, असं कौतुक करण्याआधी हा गुणाकार करून पाहावा. सात मिनिटांत निघालेल्या जॉबवर ८ मायक्रॉन असायचे तर करंट दुप्पट लागतो, आणि इतक्या करंटला कडा जळून खरखरीत, काळपट होतात.

बाथची तब्येत हल सेलमध्ये कळते. २६७ मिलिलिटरच्या त्या तिरक्या पेटीत पितळेची किंवा पोलादाची पट्टी एका अँपिअरला पाच-दहा मिनिटं ठेवली की एकाच पट्टीवर जास्त ते कमी करंटचे सगळे पट्टे दिसतात. चमक कुठे तुटते त्यावरून ब्राइटनर, म्हणजे चमक आणणारं रसायन, कमी आहे की जास्त, हे ओळखता येतं. ब्राइटनर ओतण्याचा मोह फार असतो. जास्त झाला की थर ठिसूळ होतो आणि काही दिवसांनी फोड धरतो. ॲसिड बाथमध्ये बॅरलमधून (लहान माल भरून टाकीत फिरवायचं छिद्रांचं पिंप) पडलेले बोल्ट तळाशी विरघळत राहतात, लोह वाढतं, आणि नायट्रिकच्या बुडीनंतर जॉब काळवंडतो. रोज तळातून चुंबक फिरवणं आणि गरजेप्रमाणे हायड्रोजन पेरॉक्साइड घालून गाळणं, इतकं केलं की निभतं.

रात्रीतून तुटणारा बोल्ट

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथे माल फक्त नाकारला जात नाही, अपघात होतो. पिकलिंगमध्ये आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन तयार होतो. त्यातला काही भाग अणूरूपात पोलादात शिरतो. मऊ पोलादाला त्याचं काही नसतं. साधारण १००० मेगापास्कलच्या वर ताकद असलेलं, कडक केलेलं पोलाद मात्र ताणाखाली असताना या हायड्रोजनमुळे आतून तडकतं. तेही लगेच नाही. बोल्ट टॉर्कला बसतो, तपासणीत पास होतो, आणि काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी डोक्याखाली नाही तर पहिल्या आट्याशी मोडतो. तुटलेल्या पृष्ठभागावर कुठेही ताणून लांबल्याची खूण नसते. स्प्रिंग वॉशर, सर्क्लिप, सेल्फ टॅपिंग स्क्रू हे ठरलेले बळी.

उपाय म्हणजे बेकिंग. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत, पॅसिव्हेशनच्या आधी, १९० ते २२० अंशांवर आठ तासांपासून २४ तासांपर्यंत, कडकपणानुसार. पॅसिव्हेशन आधी केलं तर बेकिंगच्या उष्णतेने तो थर तडकतो आणि त्याची गंजविरोधी ताकद जाते. म्हणून बेक केलेला जॉब पुन्हा ॲक्टिव्हेट करून मग पॅसिव्हेट करावा लागतो. हा खर्च कोटेशनमध्ये दिसत नसेल तर बेकिंग होणार नाही असंच समजावं. घड्याळ प्लेटिंग संपल्यापासून चालू होतं. संध्याकाळी प्लेट करून सकाळच्या पाळीत भट्टीत घातलेल्या मालाचं बेकिंग फक्त कागदावर उरतं.

१०.९ ग्रेडच्या बोल्टची किमान ताकद १०४० मेगापास्कल, त्याच्या बेकिंगबद्दल ग्राहका-ग्राहकाचे नियम वेगळे आहेत. १२.९ ला, म्हणजे १२२० च्या वर, आमचं स्पष्ट मत असं की वीजेचं प्लेटिंग करूच नये. चमकदार जस्ताचा थर स्वतःच हायड्रोजनची बाहेर पडायची वाट अडवतो, त्यामुळे बेकिंगची हमी देता येत नाही. तिथे झिंक फ्लेक कोटिंग वापरावं: शॉट ब्लास्ट करून जस्त-ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांच्या द्रवात बुडवायचं, जास्तीचा द्रव गरगर फिरवून झटकायचा आणि भट्टीत पक्कं करायचं. ॲसिडही नाही, वीजही नाही. महाग पडतं आणि अगदी बारीक आट्यांत भरून राहतं, पण बोल्ट मोडत नाही.

ड्रॉइंगवर ग्रेड किंवा कडकपणा लिहिलेला नसेल तर प्लेटरला हे कळायचा काही मार्ग नाही. त्याच्यासाठी सगळे बोल्ट सारखेच.

निळं, पिवळं, काळं आणि मिठाचे तास

जस्तावर काही केलं नाही तर ते स्वतःच पटकन पांढरं पडतं. ते रोखायला वर क्रोमियमचा अतिशय पातळ पॅसिव्हेशन थर देतात. जुनं पिवळं हेक्झाव्हॅलंट क्रोमचं होतं. ते कर्करोगकारक असल्याने युरोपच्या वाहन नियमांनी १ जुलै २००७ पासून बंद केलं आणि निर्यात साखळीतल्या कारखान्यांनी ट्रायव्हॅलंट धरलं. ट्रायव्हॅलंट निळसर पारदर्शक मिळतं, जाड थराचं इंद्रधनुषी झाक असलेलं मिळतं, काळंही मिळतं. पिवळा रंग हवा म्हणून त्यात नुसता डाय घालणारेही आहेत, त्यामुळे रंगावरून प्रकार ठरवू नये. ‘पिवळं पॅसिव्हेशन’ असं न लिहिता ‘ट्रायव्हॅलंट, जाड थर, अमुक तास’ असं लिहावं.

तास म्हणजे सॉल्ट स्प्रे चाचणीचे: ३५ अंशांच्या पेटीत ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं. ८ मायक्रॉनवर निळसर पारदर्शक थर बॅरलमध्ये केला तर पांढरा गंज आठेक तासांतही दिसू शकतो. जाड थराचं ट्रायव्हॅलंट बॅरलमध्ये ७२ आणि रॅकवर, म्हणजे सुटं टांगून केलं तर, १२० तास देतं. बॅरलमध्ये बोल्ट एकमेकांवर आपटून थराला चरे पडतात, म्हणून हा फरक. वर सीलर, म्हणजे थर बंद करणारा लेप, दिला तर तास आणखी वाढतात, आणि वंगण असलेला सीलर निवडला तर आट्यांचं घर्षणही काबूत येतं. लाल गंजाचे, म्हणजे खालचं लोखंड गंजू लागेपर्यंतचे, तास वेगळे मोजायचे. कोणते तास मागितले आहेत, पांढऱ्याचे की लाल, हे न लिहिल्याने वाद होतात. शिवाय मिठाच्या पेटीतल्या तासांचं शेतातल्या किंवा रस्त्यावरच्या वर्षांत रूपांतर होत नाही. ही चाचणी आजचा लॉट कालच्या लॉटसारखाच आहे ना, एवढं सांगायला चांगली.

याचं इथलं उदाहरण द्राक्षबागेच्या फवारणी यंत्रांचं. निफाड-दिंडोरीच्या बागांत बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, वर्षानुवर्षं वापरात आहे. विद्राव्य तांबं जस्तावर आलं की तांबं तिथे बसतं आणि त्याच्या भोवतीचं जस्त झपाट्याने जातं. चुन्याचा तीव्र अल्कलीही जस्ताला सोसत नाही. मिठाच्या पेटीत उत्तम गुण मिळवलेला क्लॅम्प त्यामुळे ब्लोअरवर एका हंगामात उघडा पडू शकतो. द्रावणाशी थेट संबंध येणाऱ्या जागी स्टेनलेस किंवा प्लास्टिक घ्यावं. तिथे जाड झिंक मागून उपयोग नाही.

पावसाळ्यात खोक्यात पांढरा पडणारा माल बहुधा प्लेटिंगमुळे नाही, पॅकिंगमुळे बिघडतो. पूर्ण न सुकलेला किंवा गरम असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेला जॉब आतल्या आत घामेजतो. हवा खेळत नाही, जस्तावर पांढरी भुकटी धरते. माल थंड होऊ द्यावा, ओल धरलेले पुठ्ठे वापरू नयेत, गंजरोधक कागद घालावा. घाट उतरून न्हावाशेव्याला जाणाऱ्या कंटेनरमध्ये दिवस-रात्रीच्या फरकाने छताखाली पाणी साचून ठिबकतं, म्हणून शोषक पिशव्या टांगाव्यात. धुण्यासाठी बोअरचं जड पाणी असेल तर सुकल्यावर डाग उरतात. पॅसिव्हेशनचं द्रावण आणि शेवटचं धुणं तरी डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याचं असावं.

जस्त पुरत नाही तेव्हा

इंजिनजवळ उष्णता आहे, सॉल्ट स्प्रेचे ७२० तास पाहिजेत, तर झिंक-निकेल, १२ ते १५ टक्के निकेल असलेलं. हायड्रॉलिक रॉडवर घासण सोसायची आहे तर हार्ड क्रोम, ८५० ते १००० व्हिकर्स (कडकपणाचं माप) कडक, २० ते ३० मायक्रॉन. पण तो चढवून ग्राइंड करावा लागतो आणि त्यात बारीक भेगा असतातच. आतल्या भोकांसकट एकसारखा थर हवा असेल तर इलेक्ट्रोलेस निकेल: वीज नाही, ८५ ते ९२ अंशांचं द्रावण, तासाला १० ते २० मायक्रॉन. साधारण ४०० अंशांवर तासभर तापवल्यास तेही हार्ड क्रोमच्या जवळ पोचतं. दिसायचा भाग, मोठा पत्रा, मापाचा प्रश्न नाही, तर फॉस्फेटिंग करून ६० ते ८० मायक्रॉन पावडर कोटिंग सगळ्यात स्वस्त.

धुण्याचं पाणी कुठे जातं

स्वस्त प्लेटिंग बहुधा पाण्यात स्वस्त केलेलं असतं. जॉबसोबत बाहेर आलेलं एक लिटर द्रावण हजार पट पातळ करायचं तर एका टाकीत हजार लिटर पाणी लागतं. दोन टाक्या उलट दिशेने जोडल्या, म्हणजे ताजं पाणी शेवटच्या टाकीत शिरून पहिलीतून बाहेर पडलं, की सुमारे ३२ लिटर पुरतं. तीन टाक्यांना १० लिटर. टाकीचा खर्च एकदाचा, पाण्याचा आणि प्रक्रियेचा रोजचा. सातपूर-अंबडचा उतार नासर्डीकडे आणि पुढे गोदावरीकडे आहे. नियमानुसार सोडलेल्या पाण्यात जस्त लिटरला ५ मिलिग्रॅम, निकेल ३, एकूण क्रोमियम २ आणि हेक्झाव्हॅलंट ०.१ च्या वर चालत नाही. हेक्झाव्हॅलंट असेल तर पीएच २ ते ३ वर सोडियम मेटाबायसल्फाइटने ते आधी ट्रायव्हॅलंट करावं लागतं, मगच चुन्याने पीएच ९ च्या आसपास नेऊन गाळ बसवता येतो. थेट चुना टाकला तर हेक्झाव्हॅलंट पाण्यातच राहतं. खाली बसलेला गाळ घातक कचऱ्यात मोडतो. जॉबवर्क देताना प्लेटरकडे त्याच्या विल्हेवाटीची कागदपत्रं मागायला संकोच नको.

नापास लॉटचं काय करायचं

जाडी कमी निघाली म्हणून वरूनच आणखी जस्त चढवायला सांगू नये. पॅसिव्हेट झालेल्या थरावर नवा थर धरत नाही, सोलतो. जुनं जस्त पूर्ण काढूनच पुन्हा सुरुवात करावी लागते. साध्या पोलादाला सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड चालतं. कडक पोलादाला त्यातून पुन्हा हायड्रोजन मिळतो, म्हणून तिथे कॉस्टिकच्या द्रावणात जॉब अॅनोड करून थर काढावा आणि नव्या प्लेटिंगनंतर बेकिंगचं घड्याळ पुन्हा शून्यापासून लावावं. दर वेळी पिकलिंगमध्ये थोडं लोखंडही जातं आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. आट्यांच्या पार्टला एकदाच स्ट्रिपिंगची परवानगी द्यावी, आणि त्या लॉटच्या खोक्यांवर व चलनावर ‘री-प्लेटेड’ असं लिहून घ्यावं.